बिल्ल्याची पाठ

मंगळवार, संध्याकाळ. अबू हलीफा, आखात.

मला आधी दाखवायला काय झालं होतं? घरात मी सोनाराची बायको बसलेय, आणि लेकाने इंटरनेटवरून मागवलेला बिल्ला मला आज दिसतो. उद्या नात सई तो वर्गात दाखवणार. महायुद्धात विमानं चालवणाऱ्या अमेरिकी बायकांचा, चांदीच्या पंखांचा, अस्सल म्हणे.

मी आधी पाठ बघितली. बारीक बारीक भोकं. म्हणजे ओतीव, खऱ्यावरून साचा काढून केलेला. ठशाने दाबलेल्या चांदीला असली भोकं पडत नाहीत, पिसांच्या रेघाही धारदार उठतात. ह्याच्या वापरलेल्या साबणासारख्या.

सुरेश म्हणाला, "आई, केवढा काळा पडलाय बघ. जुनाच आहे."

"काळा मीही करून देते. अंगावर वापरलेली चांदी उंचवट्यावर झिजते. माझी जोडवी बघ, आणि मग हा बघ, उंचवट्यावरही सारखाच काळा."

सईचं तोंड उतरलं. "आजी, आय टोल्ड एव्हरीवन."

मीच तर चुकत नाही ना? भिंग घेऊन परत पाठ बघितली. भोकं आहेतच.

शेवटी मी सांगितलं, बिल्ला न्यायचा, पण नक्कल म्हणून. त्या बायका खऱ्या होत्या, तेवढं सांगायला पुरे. आणि वर्गातल्या बाईंनी विचारलं, कालपर्यंत अस्सल कसा होता, तर पोरीने गप्प बसायचं. सुरेशने शाळेत जाऊन उत्तर द्यायचं.