धुतलेल्या नळ्या

५ फेब्रुवारी
प्रयोगाच्या एक्स-रे फिल्मवर ठिपका आला. काळाभोर. म्हणजे आम्ही शोधलेल्या जनुकाचं एन्झाइम खरंच एका साखरेवर दुसरी साखर चढवतं. प्रयोगशाळेचे प्रमुख मिताराई सर मला म्हणाले, "नाव काय ठेवू या, ओकित्सु? तुझ्या गावाचं? भातखाचरांच्या नशिबी जनुक आलं!" सगळे हसले, मीही. घरी देव्हाऱ्यापुढे 'नामू आमिदा बुत्सु' हा बुद्धाचा जप करताना मन फिल्मवरच.

१३ फेब्रुवारी
माझ्या हाताखालच्या कुवाबारानं शोधाच्या लेखासाठी रिकामा प्रयोग केला — पेशी त्याच, फक्त जनुक न घातलेल्या. काहीच दिसायला नको. ठिपका दिसला. ती मान खाली घालून म्हणाली, "सर, माझंच काहीतरी चुकलं असेल." अशा वेळी 'छे, छे' म्हणायचं असतं. मी म्हणालो, "हात स्वच्छ ठेवत जा."

१४ फेब्रुवारी
"सर, एकदा नव्या नळ्यांत करून बघू?"
"जुन्यांना काय झालं? मी स्वतः धुतो."
वाडग्याला चिकटलेलं शीतही आई सोडू द्यायची नाही. प्लास्टिकची नळी एकदा वापरून फेकणं माझ्यानं होत नाही. यावरून माझी थट्टा होते, होऊ दे.

१६ फेब्रुवारी
मिताराई सरांनी विचारलं, "मार्चनंतर कुवाबाराला ठेवायचं ना?"
"कामात जरा गलथान आहे," म्हणालो. सहज म्हणालो. तेच जास्त वाईट.

२० फेब्रुवारी
ती घरी गेल्यावर रिकामा प्रयोग मीच केला. ठिपका. मग पेशीही घातल्या नाहीत, नुसतं पाणी. तरी ठिपका, फिकट. त्या नळ्यांत मी वर्षानुवर्षं जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं, साखरेवर हीच साखर चढवणारं एन्झाइम ठेवत होतो. ते प्लास्टिकला चिकटून राहिलं, धुऊन गेलं नाही. माझ्या नळ्या, आणि दोष तिच्या हाताला.
आज जप केला नाही. कोणत्या तोंडानं करू?

२१ फेब्रुवारी
सगळ्यांसमोर तिच्यापुढे वाकलो. "सर, उठा ना, लोक बघताहेत."
"बघू देत."
मिताराई सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे गलथान तू." तिला ठेवणार आहेत. नव्या नळ्या मागवल्या.
जनुकाचा ठिपका मात्र कितीतरी गडद होता. तो खराच असणार. एवढाच धीर.

२७ फेब्रुवारी
नव्या नळ्या. रिकामा प्रयोग कोरा.
शेजारी आमचं जनुक. तेही कोरं.