ट्रेडलवरची पहिली जाहिरात

७ सप्टेंबर, रविवार

आलं एकदाचं मशीन! टेम्पोतून उतरवायला सहा जण. कांजूरच्या गाळ्याचं शटर पूर्ण वर केलं तरी चाक अडकलं, शेवटी चाक काढून आत घेतलं. पायाने चालवायचं छपाईचं ट्रेडल — बिडाचं, सगळीकडे गंज, शाईचे रूळ उंदरांनी कुरतडलेले. सोबत खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, अठरा केसेस. प्रत्येक अक्षराला वेगळा खण, आणि निम्मे खिळे भलत्याच खणात.

मुलुंडच्या रामचंद्रकाकांनी छापखाना बंद केला. एक हॉटेलवाला मशीन शोभेला मागत होता. मला म्हणाले, "चालवणार असशील तर ने. दसऱ्याला बघायला येणार मी. नुसतं पुसून ठेवलेलं दिसलं तर उचलून त्याला देईन."

आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "ह्यां काय हाडलंस गो? आणि ऑफिस कधी करतलंस?"

"हे रविवारी गं."

खोटं. नोकरी सोडून नऊ दिवस झाले.

९ सप्टेंबर

डबा घेऊन आठ दहाला निघाले, ऑफिसला निघाल्यासारखी. दोन गल्ल्या फिरून गाळ्यात. दिवसभर रॉकेल, चिंध्या, पॉलिश पेपर. नखांतला काळा रंग निघेना. आईने विचारलं तर काय — ऑफिसच्या प्रिंटरची शाई गळली! किती पटकन सुचतं खोटं.

आई पाच घरी पोळ्या करते. पाचही घरी सांगते, "माझां चेडू ऑफिसात आसा." घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. कुठल्या तोंडाने सांगू?

१३ सप्टेंबर

झोप नाही. मलाच विचारते — का हवंय हे मशीन? तर, बायकांसाठी वाचनवर्ग काढायचाय. इथेच, गाळ्यात. धडे स्वतः खिळे लावून जुळवायचे, स्वतः छापायचे, अक्षर बोटांना लागेल असे. लिहिताना वेडेपणा वाटतो. पण डोक्यातून जात नाही.

पहिलं नाव आईचं घालीन. लाईटबिलसुद्धा माझ्यापुढे धरते — "वाच गो." किती शिकली, कधी विचारलंच नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आई आली मदतीला. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. मी प्रत्येक 'घ' आणि 'ध'पाशी अडते. ती मात्र कोलंबी निवडावी तशी भराभर निवडून खणांत टाकते! काकांना फोनवर सांगितलं तर हसले — "तू वाचत बसतेस, ती बघते. अगं, जुळारी तीच होणार!"

१८ सप्टेंबर

नवे रूळ बसवले. चाक फिरलं!! मग अडकलं.

२१ सप्टेंबर

छाप एकीकडे जड, एकीकडे गायब. दसरा अकरा दिवसांवर.

२५ सप्टेंबर

ऑफिसमधल्या चेतनाचा फोन. "तुझ्या जागी अजून कोणी घेतलं नाहीये. येतेस का परत, यार? सर सोमवारपर्यंत थांबतायत."

हो म्हटलं तर आईला काही कळायचंच नाही. कधीच!

२८ सप्टेंबर, रविवार

जाहिरात मोबाईलवर लिहिली होती, झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणली. आईला दिली — "बघ, जमतंय का जुळवायला." आणि मी मशीनखाली, पॅडल घट्ट करायला.

तीन तासांनी आई म्हणाली, "झालां बघ."

शाई लावली, कागद घातला, पाय मारला. स्वच्छ! काळंभोर!

"बायकांसाठी वाचनवर्ग. रोज संध्याकाळी पाच वाजता. फी नाही."

आणि खाली —

"आई, मी नोकरी सोडली. रागावू नकोस."

तिला कसं सांगायचं ते मीच मागे कधीतरी मोबाईलमध्ये त्याच पानावर लिहून ठेवलेलं. झेरॉक्सवाल्याने सगळंच काढून दिलं. मी न बघता घडी घालून आणलं.

आईचा चेहरा तसाच. पदराला हात पुसत म्हणाली, "बरोबर आसा मां?"

"बरोबर आहे."

म्हणजे तिला खरंच वाचता येत नाही. नुसते आकार बघून लावले, एकेक. सुटले असं वाटलं — आणि तसं वाटल्याची लाज वाटली. कागद पिशवीत कोंबला. साबण आणायला दुकानात गेले. परत आले तर आई अजून केसपाशीच. "चल गो, उशीर झालो."

उद्या सकाळी आधी ती ओळ काढून टाकायची. मग चेतनाला हो म्हणायचं. मशीन काय, रविवारपुरतं.

२९ सप्टेंबर

ओळ काढायला चिमटा हातात घेतला. तिच्याखाली आणखी एक ओळ लावलेली. काल छापलं तेव्हा नव्हती. सगळे खिळे उलटे, तरी पहिल्या फटक्यात वाचली —

"माका वाचूक येता. आता तोंडान सांग."