बांधावरचं गाऱ्हाणं

आई,

आज सकाळी बांधावर जाऊन आले. तिथं जे झालं ते कुणाला तरी सांगावंसं वाटतंय, आणि घरात माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून तुला लिहिते आहे. नोकरी संपल्यावर कणकवलीची खोली सोडून मी आपल्याच घरी राहायला आले. तू चुलीपाशी बसायचीस तिथं आता गॅस आहे. त्याच्यावर मी एकटीपुरता चहा ठेवते आणि दर वेळी पाणी जास्त होतं.

बांध फुटला ते वर्ष तुला आठवत असेलच. रेल्वे अजून यायची होती, बाबा रेडीच्या बंदरावर नोकरीला होते आणि पंधरवड्याने घरी यायचे. गावात शाळेची बाई म्हणजे तू, घाटावरून लग्न होऊन आलेली. श्रावणातल्या उधाणाने खाडीकडचा मातीचा बांध वाहून नेला, खारं पाणी भातात शिरलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात शाळेच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. शेतकरीवाडी म्हणाली, कोळीवाड्याने सरपणासाठी खाडीतली तिवराची झाडं तोडली म्हणून लाटा थेट बांधावर आल्या. कोळीवाड्याचं म्हणणं, बांधाला मेढी ठोकायला तिवरं तोडली ती शेतकऱ्यांनीच. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायचं काही कारणच नव्हतं.

तू दोन्ही वाड्यांच्या बाप्यांना शाळेत बोलावलंस. मी दहावीत, कपबशा विसळायला. तू सगळ्यांना चहा दिलास. पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. गावकरांनी, म्हणजे देवळाच्या मानकऱ्याने, कप खाली ठेवून विचारलं, "बाईनू, साखर म्हणान मीठ घातलात की काय?" तू म्हणालीस, "साखरच घातली आहे. पाणी विहिरीचं आहे. तुमची मुलं रोज हेच पितात." मला तेव्हा इतकी लाज वाटली की मी कपबशा घेऊन मागच्या दारी गेले. आज वाटतं, काय बाई होतीस तू.

त्या चहानंतर ठरलं ते सगळं साधंच होतं. तिवराला कुणी हात लावायचा नाही. शेतकऱ्यांनी काजूच्या छाटलेल्या फांद्या आणि माडाच्या झावळ्या कोळीवाड्याला सरपणाला द्यायच्या. बैलगाडी जात नाही तिथं भरतीच्या पाण्यातून होड्यांनी दगड न्यायचे, माती शेतकऱ्यांनी टाकायची, आणि उघड्या पडलेल्या चिखलात दोन्ही वाड्यांच्या मुलांनी तिवराच्या शेंगा रोवायच्या. हवामान, पर्यावरण असले शब्द तुझ्या तोंडी कधी आले नाहीत. तुला विहीर गोडी करून हवी होती.

आणि मग देवळात गाऱ्हाणं घातलं गेलं, सगळ्या गावाच्या वतीने देवाकडे मागणं. काम सुरू करायच्या आधी गावकरांनी नारळ हातात घेतला आणि "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात केली. सगळा गाव "होय म्हाराजा" म्हणतो आहे, कोळीवाड्यातले सगळ्यांत मोठ्याने. गावकर एकेक वाडी, एकेक वेस, एकेक पिंपळ घेत पुढे जातात आणि गाऱ्हाणं संपतं. कोळीवाड्याचं नाव त्यात येतच नाही. मुद्दाम नव्हे गं. त्यांच्या आजोबांनी शिकवलेलं गाऱ्हाणं ते जसंच्या तसं म्हणत होते, आणि कोळीवाडा वसला तो आजोबांच्या नंतर. पण शेवटच्या "होय म्हाराजा"ला अर्धं देऊळ गप्प राहिलं. कोळीवाड्यातली माणसं उठली, खाडीकडे गेली, आणि दगडांनी भरलेल्या होड्या त्यांनी पुन्हा रिकाम्या केल्या.

संध्याकाळी तांडेलाची, कोळीवाड्यातल्या होड्यांच्या म्होरक्याची, बायको मागच्या दारी आली. तू घावणे काढत होतीस. "आत या, दारात काय उभ्या," म्हणालीस तरी ती उंबऱ्याबाहेरच राहिली. टोपलीतल्या बांगड्यांवरचं केळीचं पान नीट करत म्हणाली, "बाईनू, तुमच्यार आमचो राग नाय. पण देवाक आमी म्हायत नाय, तर आमचे दगड तरी तेका कित्याक व्हये?" तू तव्यावरचा घावणा विसरलीस. तो करपला, घरभर वास झाला, आणि तिने बाहेरूनच सांगितलं, "जळता हा बघा." मग दोघीही हसलात. बांगडे मात्र ती ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन गावकरांकडे गेलीस. ते ओटीवर सुपारी कातरत होते. चूक झाली हे त्यांना कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण म्हणाले, "गाऱ्हाण्यात शब्द वाढवचो तर देवाचो कौल व्हयो. मी घेतलंय कौल. देव काय बोलाक नाय." अडकित्त्याने ते सुपारी कातरत राहिले. मग मान वर न करता ते म्हणाले, "देवळातला गाऱ्हाणा माजा. बांध काय देवळात नाय. थंय कोणीय घाला." आणि थोड्या वेळाने, "तुमी घातलात तरी माजी काय हरकत नाय." परतताना तू इतक्या भरभर चालत होतीस की मला धावावं लागलं.

बाईमाणसाने गाऱ्हाणं घातल्याचं आपल्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. तू फुटक्या बांधावर पदर खोचून उभी राहिलीस, हातात नारळ, एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला होड्यांत उभे असलेले कोळी. "हे देवा महाराजा, आज आम्ही सर्व ग्रामस्थ येथे उपस्थित आहोत," असं तू थेट शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं सुरू केलंस आणि लोक खो खो हसले. तू थांबली नाहीस. कोळीवाडा सगळ्यांत आधी घेतलास, मग शेतकरीवाडी, मग तिवरं, खेकडे, विहीर. गावकर लांब माडाखाली उभे होते, आपण आलोच नाही अशा थाटात. पहिला "होय म्हाराजा" होड्यांतून आला. दुसरा माडाखालून आला, तो सगळ्यांनी ऐकला.

घरी आल्यावर मी विचारलं, "तू आपल्यासाठी काय मागितलंस? बाबांची बदली इकडे होऊ दे, असं तरी म्हणायचं." तू माझ्यावर अशी चिडलीस की मी रडायचीच बाकी होते. "गाऱ्हाणं सगळ्यांचं असतं. त्यात आपलं घुसवायचं नाही," म्हणालीस. रात्री जेवताना तू बाबांच्या रिकाम्या पाटाकडे बघत होतीस ते मी पाहिलं होतं. पण विचारायचं धाडस पुन्हा झालं नाही.

तू होतीस तोवर दर वर्षी शिमगा झाला की बांधावर माती पडायची, आणि विहीरही दोन-तीन पावसाळ्यांनी गोडी झाली. पुढे तू गेलीस, गावकर गेले. सरकारी कंत्राटदाराने सिमेंटची भिंत घातली, मग कुणी माती टाकायला येईना. आता भिंतीखालून पाणी येतं. मोठ्या भरतीला ते पूर्वी यायचं त्याच्याही वर चढतं, मी रोज बघते. गेल्या महिन्यात शहरातल्या एका संस्थेची मुलं आली, ग्रामपंचायतीत पडदा लावून समुद्र कसा वर चढतोय ते त्यांनी दाखवलं. मुलं चांगली आहेत, मनापासून बोलतात. म्हणाली, काकी, तुमच्या आईने केलं तेच आम्हाला हवंय, लोकांची भागीदारी. रविवारी सगळ्यांना बांधावर बोलवा, आम्ही रोपं घेऊन येतो. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. मी घरोघर फिरले, तुझ्यासारखी. शेतकरीवाडीत निम्म्या घरांना कुलपं आहेत. तांडेलाचा नातू पाहुण्यांना खोल्या देतो, त्याने खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं आणि म्हणाला, "काकी, बोटीर गिऱ्हाईका असतत आयतवारी. ग्रुपार टाका, बघूया." मी ग्रुपवरही टाकलं. पुष्कळांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली.

आज रविवार. मुलांची गाडी घाटात बंद पडली, दुपार होईल असा फोन आला. मी नारळ घेऊन भिंतीवर उभी राहिले. ओहोटी होती. तू लावून घेतलेली तिवरं अजून आहेत, माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत, त्यांच्या मुळांतून खेकडे फिरत होते. वाट पाहिली. वाडीकडच्या पायवाटेवर एक माणूस दिसला म्हणून मी पदर सारखा केला, तर तो गुरं शोधत होता, तसाच पुढे गेला. उन्हं तापली. नारळ परत घरी न्यायचं जिवावर आलं, म्हणून शेवटी मीच सुरू केलं. तुझ्यासारखं पुस्तकी नाही, आपल्या मालवणीत. "बा देवा म्हाराजा" म्हटलं, कोळीवाडा घेतला, शेतकरीवाडी घेतली, कुलपं लावलेली घरंही एकेक करून घेतली. प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते. कुणी म्हणेना तेव्हा "होय म्हाराजा" पण मीच म्हटलं.

मुलं येतील, रोपं लावू, पुढच्या आयतवारी पुन्हा बोलावीन सगळ्यांना. बांधाचं काम मी सोडणार नाही. हे पत्र त्या घावण्याच्या तव्याखाली ठेवते आहे, तो हल्ली मी काढतच नाही. पण एक सांगून टाकते, रागावू नकोस. गाऱ्हाण्याच्या शेवटी बांधाचं मागायचं असतं, तिथं मी बांधाचं मागितलं नाही. "म्हाराजा, ह्या घरात माज्याशी बोलाक कोणतरी असांदे," एवढंच म्हटलं. आणि त्याला मात्र "होय म्हाराजा" म्हणायला मला स्वतःलाही जमलं नाही.