कानेझाचा गोरा विद्यार्थी

प्रिय ताई,

इथे बुजुम्बुरात माझं बरं चाललंय, वेळेवर जेवतो. आईचा गुडघा कसा आहे?

माझी कानेझा हल्ली एका गोऱ्या डॉक्टरला आपली किरुंदी भाषा शिकवते. काल व्हरांड्यात क्रियापदं चालवणं सुरू होतं. "मी प्रेम करतो, तू प्रेम करतेस," असं तो तिच्याकडे बघत घोकत होता आणि ही टाळ्या वाजवत होती! भूतकाळ झाला, भविष्यकाळ आला. "आपण प्रेम करू" ऐकलं मात्र, मी त्याची खुर्चीच खेचली.

तो आपटला, पण कानेझा उखडली माझ्यावर. "तो निदान धडा पुरा करतो! तू कॉलेज अर्ध्यावर सोडलंस, तसंच मलाही अर्ध्यावर लटकवलंयस. माझ्या बाबांकडे केळ्याच्या बिअरचा घडा घेऊन तुझ्या घरचं कुणी आलं का रे कधी, शूरवीरा?"

ताई, घडा घेऊन मागणी घालायला आपल्या बाबांनीच जायला हवं, आणि ते तर माझं नावही काढू देत नाहीत. तू त्यांची लाडकी. मी कॉलेजात परत जाईन म्हणून सांग, पण रविवारी त्यांना घडा घेऊन धाड. खुर्चीचं बोलू नकोस.

तिच्या बाबांनी घड्यात नळी घालून घोट घेतला, म्हणजे होकार दिला, तर लगेच फोन कर. नाही घेतला, तर पत्रानं कळव. तेवढेच चार दिवस आशेत जातील.

सगळ्यांची आठवण काढणारा,
तुझा मिसागो