मापे हरवलेली नाहीत

कर्वेनगर, पुणे ५२
३ फेब्रुवारी २०२५

ती. दुर्गाताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघा दुखतोय, पण कागदावर साष्टांगात कसूर नाही.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेजमध्ये माझे तपशील मावत नाहीत, तेव्हा आपलं पत्रच बरं. भाऊजींच्या बुटांना या खेपेला उशीर होणार आहे. जुन्या जोडाचा डावा तळ गेलाय, हे समजलं. तरी भाऊजींनी घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. मधुमेहाच्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, आणि कळतं तेव्हा जखम झालेली असते. हे त्यांना ठाऊक आहे. तू रोज सांगावंस म्हणून लिहितो.

उशिराचं कारण असं. मंडईमागे कादरभाईंचं दुकान आहे. वाकड्या, आखूड, दुखऱ्या पायांचे बूट ते हाताने बनवतात. मापं त्यांची मुलगी जिनत सांभाळते. माप म्हणजे नुसती लांबीरुंदी नव्हे. प्रत्येक पावलाची आकृती आणि तिच्यावर वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या. भाऊजींच्या पानावर 'डाव्या करंगळीखाली दोन मिलिमीटर खोल' असं आहे. ते तीन जोड वाया गेल्यावर कळलेलं आहे. नुसती पट्टी लावून कळत नाही. अशी १,१४६ माणसांची पानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर आहेत, आणि तो कॉम्प्युटर २०११ पासून माझ्या देखरेखीखाली आहे.

त्यावरचा व्हायरसपासून रक्षण करणारा जुना प्रोग्राम कंपनीने बंद केला, म्हणून मी नवा आणला. त्याबरोबरची पुस्तिका, तळाच्या मुंगीएवढ्या अक्षरांसकट, डिक्शनरी घेऊन वाचली. त्या नव्याने आधी मशीनची तपासणी केली आणि 'माझ्याशी न जुळणारं इथे काही नाही' असं चक्क पडद्यावर लिहून दिलं. मग मी तो टाकला. मशीन बंद करून सुरू केलं, तर काळा पडदा. डिस्कवर काहीच नाही म्हणतंय. कंपन्या हल्ली गिऱ्हाइकावरच प्रयोग करतात, दुसरं काय!

लोक विचारून विचारून जिनतचं डोकं खातात, म्हणून मी दुकानात पाटी लावली आहे: 'मापे हरवलेली नाहीत. सध्या सापडत नाहीत. फरक समजून घ्यावा.'

मी हे काढणारच. लोभ आहेच, तो बूट येईपर्यंत ताणून धर.

तुझा,
सुदर्शन


वर्धा
८ फेब्रुवारी २०२५

चि. सुदर्शन यास,

अनेक आशीर्वाद. त्यातले दोन-चार जिनतला दे. तिला तुझ्याबरोबर काम करावं लागतं.

पत्र तुझ्या भाऊजींनी पाय स्टुलावर ठेवून दोनदा वाचलं. आयुष्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेलेला माणूस, त्यांना असल्या पत्रात गोडी वाटते. वाचून म्हणाले, की गाडी रुळावरून घसरली की प्रत्येक जण दुसऱ्या खात्याचं नाव घेतो, आणि माझा मेहुणाही तेच करतोय. त्यांचा एकच प्रश्न आहे. तपासणी करणाऱ्याला काही दिसलं नाही, म्हणजे तिथे काही नव्हतं, की कुणी झाकून ठेवलं होतं?

मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही, पण तुझ्यातलं कळतं. बाबांचा रेडिओ तू नववीत असताना उघडलास तेव्हाही आधी सेलला, मग स्टेशनला नावं ठेवली होतीस. दोन स्क्रू तुझ्याच खिशात निघाले. आताचे स्क्रू कुठे आहेत ते लिही.

इकडे बरं आहे. भाऊजींच्या बुटात मी जुन्या सतरंजीचा तुकडा शिवून घातलाय. चालताना ते डावीकडे झुकतात. रोज संध्याकाळी मी तळपाय बॅटरीने बघते. अजून जखम नाही. 'अजून' हा शब्द नीट वाच.

आशीर्वाद कमी पडले तर कळव, रागही शिल्लक आहे.

तुझी,
ताई


कर्वेनगर, पुणे ५२
१२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. या खेपेला गुडघ्याची सबब नाही.

भाऊजींना सांग की झाकून ठेवलं होतं, आणि मीच ठेवलं होतं. माझ्याकडे मशीनगणिक वही असते, तुला माहीतच आहे. तुझं पत्र आल्यावर कादरभाईंच्या मशीनची वही पहिल्या पानापासून वाचली. पान चौदा, माझंच अक्षर.

त्या मशीनवर मी २०११ मध्ये 'मागे नेणारा' एक प्रोग्राम बसवला होता. मशीन बिघडलं की काल जसं होतं तसं ते तो परत करून देतो. हा प्रोग्राम डिस्कच्या अगदी पहिल्या घरात रखवालदारासारखा बसतो आणि आतलं काय कुठे आहे याचा नकाशा स्वतःजवळ ठेवतो. जिनत तेव्हा नवी होती. तिचा हात लागू नये म्हणून मी त्याचं चिन्ह पडद्यावरून काढलं, यादीतून नाव लपवलं, वर पासवर्ड घातला. इतकं बेमालूम केलं की चौदा वर्षांत मीही विसरलो. नव्या प्रोग्रामच्या तपासणीलाही तो दिसला नाही. नव्याबरोबर त्याचा स्वतःचा रखवालदार होता. पहिल्या घरात अनोळखी कुणी बसलेला पाहून त्याने त्याला चोर ठरवून हाकललं आणि स्वतः बसला. नकाशा हाकललेल्याबरोबर गेला. मंडईतल्या सगळ्या गाळ्यांचे नंबर पुसावेत, तसं झालंय. भाजी जागच्या जागी आहे, भेंडी कुठे ते कुणाला सांगता येत नाही.

पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, की आधीचा असा प्रोग्राम असल्यास तो आधी काढा. मी ते वाचलं, त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली, आणि 'लागू नाही' असं समासात लिहिलं.

आणखी एक आहे. दर शनिवारी मी मापांची दुसरी प्रत काढत होतो. ती त्याच डिस्कवर, त्याच रखवालदाराच्या ताब्यात. आणि कागदावरची जुनी पानं? २०११ मध्ये वाळवीचं कारण सांगून मीच ती रद्दीत घालायला लावली. कादरभाईंचं मन नव्हतं. माझ्या शब्दावर त्यांनी दिली.

आता काय केलं ते सांगतो. मूळ डिस्क काढून लखोट्यात बंद केली, वर सही-तारीख घातली आणि कादरभाईंच्या कपाटात ठेवली. तिला आता कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा. तिच्या कणाकणाच्या दोन नकला करून घेतल्या आहेत. जे प्रयोग व्हायचे ते नकलेवर. जुन्या प्रोग्रामची सीडी माझ्याकडे आहे, ती लावून पाहिली. पासवर्ड घेते आणि नकार देते. कारण सीडी आठव्या आवृत्तीची, मशीनवर २०१४ मध्ये मी ८.२ चढवली होती. त्यांचं आपसात जमत नाही. ती कंपनी बुडाली. ८.२ आता कुठेही मिळत नाही. मी दोन दिवस तेच शोधतोय.

जिनतचं म्हणणं, डिस्क मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवावी. कादरभाईंनी मला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे.

आता तुझ्याकडचं काम. २०१४ च्या दिवाळीत मी वर्ध्याला आलो तेव्हा भाऊजींच्या कॉम्प्युटरवर हाच प्रोग्राम ८.२ बसवला होता, आणि एक सीडी ठेवून गेलो होतो. ती शोध. चकती रुपेरी, वर निळ्या मार्करने ८.२, खाली दुहेरी रेघ.

लोभाबद्दल आज काही मागत नाही. सीडी मागतो.

सुदर्शन


वर्धा
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सुदर्शन यास,

आशीर्वाद. खरं लिहिलंस म्हणून आज जरा ठळक अक्षरात.

सीडी सापडली. शोधावी लागली नाही. पाच वर्षांपासून मिरचीच्या वाफ्यावर टांगलेली आहे, चिमण्यांना भिववायला. दुहेरी रेघ दिसते, बाकी उन्हाने कोरी झाली. पाठवत नाही, मिरच्यांचं नुकसान होईल.

पण कॉम्प्युटर आहे. माळ्यावर, वर गव्हाची कोठी होती. भाऊजी स्वतः चढायला निघाले, मी शिडीच काढून घेतली. शेजारच्या पुष्करने उतरवून दिला. लावला तर सुरू झाला, घरघर मात्र गिरणीसारखी. भाऊजींनी पडदा न्याहाळला आणि म्हणाले, की मेहुण्याने इथेही काही दिसेल असं ठेवलेलं नाही. आज तो गोधडीत गुंडाळून पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या कचेरीत दिला आहे. शुक्रवारी सकाळी स्वारगेटला उतरवून घे. पावती सोबत.

आता माझं ऐक. हे सगळं तू मला लिहिलंस, कादरभाईंना सांगितलंस का? तुझ्या पत्रात ते कुठे दिसलं नाही. त्यांना अजून वाटत असेल की कंपनीने घोळ केला. मशीन चालू झाल्यावर हसत हसत चूक सांगणं कुणालाही जमतं. गोधडी सोडण्याआधी जाऊन सांग. नाहीतर कॉम्प्युटर परत पाठव, मला कोठी ठेवायला लागतो.

भाऊजींच्या टाचेला काल लालसर डाग दिसला. डॉक्टरांनी आठ दिवस चालू नका म्हटलंय. ते खुर्चीत बसून रेल्वे चालवतात.

माया कमी झालेली नाही, सध्या फक्त रांगेत उभी आहे.

ताई


कर्वेनगर, पुणे ५२
९ मार्च २०२५

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, भाऊजींना वेगळा.

बूट काल पार्सलने पाठवले. आधी टाचेचं लिही, मग पुढचं वाच.

गोधडी सोडण्याआधी गेलो. कादरभाई तळ कापत होते. पान चौदा त्यांच्यापुढे ठेवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही. शेवटी इतकंच विचारलं, की समजा मी जिनतपासून कातडं टोचायची आरी लपवली आणि मग मीच त्या आरीवर बसलो, तर ओरडायचं कुणाच्या नावाने? जिनत मात्र हसली नाही. एक प्रत इंटरनेटवर ठेवू या असं तिने २०१९ मध्ये सुचवलं होतं, आणि ढगात फक्त पाऊस ठेवतात असं मी उत्तर दिलं होतं, हे तिने महिन्यासकट ऐकवलं. पाटी मी त्याच दिवशी उतरवली. तिच्यातलं पहिलं वाक्य खरं निघेल याची तेव्हा खात्री नव्हती.

मग भाऊजींचं मशीन. त्यावरच्या ८.२ ला आपल्यासारखीच सीडी बनवून देण्याची सोय आहे. ती बनवली, नकलेला लावली. पहिली नक्कल अर्ध्यात अडकली, कारण नव्या रखवालदाराला मी आधी उठवलंच नव्हतं. पुन्हा तीच चूक, क्रम उलटा. या वेळी समासात 'लागू आहे' लिहिलं. दुसऱ्या नकलेवर आधी नवा काढला, मग जुन्याला पासवर्ड देऊन नकाशा मागितला. दोन तास चाळीस मिनिटं. जिनत शेजारी बसून पानं मोजत होती. १,१३७ आली.

नऊ नाही आली. नव्या प्रोग्रामने आपलं सामान मांडलं ते नेमकं त्यांच्या जागेवर. दुसरी प्रतही तिथेच होती. मुंबईच्या प्रयोगशाळेलाही विचारलं. जुन्यावर नवं लिहिलं गेलं की खालचं उकरता येत नाही म्हणाले. जिनत म्हणाली, फोन करून बोलवू. मी नाही म्हटलं. चूक माझी, तर त्यांच्या पायांनी का यायचं? कादरभाईंकडून माप घ्यायला शिकलो, चार दिवस स्वतःच्याच पायावर गिरवलं, आणि कागद, पेन्सिल, फीत घेऊन नऊ घरं फिरलो. प्रत्येक दारात आधी कोण ते आणि काय केलं ते सांगितलं. एकाने चहा दिला, एकाने दार लावलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं. दुरुस्त्या मात्र परत मिळाल्या नाहीत. त्यांचे दोन-तीन जोड वाया जातील. तेवढं कातडं मी देणार, हे ठरलं आहे.

शेवटचं घर कात्रजच्या पलीकडे, गोदाबाईंचं. लहानपणी पोलिओ झालेला, उजवा पाय दोन बोटं आखूड. जिना नाही, ओट्यावर बसून होत्या. सगळं ऐकून घेतलं. कॉम्प्युटर, रखवालदार, नकाशा. मग म्हणाल्या, म्हंजी तू दोन परती केल्यास अन् दोन्ही येकाच पेटीत घातल्यास? मी हो म्हटलं. त्यांनी पाय पुढे केला. मी आकृती काढली. त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि अजून एक काढायला लावली. मला वाटलं पहिली चुकली. तर म्हणे, नाय, बरी हाय. येक तुज्याकडं ऱ्हाऊ दे. दुसरी त्यांनी घडी घालून आत नेली. ट्रंकेचं झाकण पडल्याचा आवाज मला ओट्यावर आला.

ताई, चौदा वर्षं मी हे काम करतोय.

परवापासून दुकानात जिनत प्रत्येक पान दोनदा छापते. एक ज्याचं पाऊल त्याला. तिसरी प्रत तिच्या त्या ढगात. पासवर्ड तिचा, मला नकोय. १,१३७ जणांना टपालाने पाठवायचं काम माझ्याकडे आहे, रोज चाळीस. भाऊजींचं पान सोबत जोडतो आहे. करंगळीखालचे दोन मिलिमीटर त्यावर आहेत. ते आमच्यापासून लांब, वर्ध्यातच कुठेतरी ठेव. कुठे ठेवलंस ते मला कळवू नकोस.

तुझ्या रांगेत उभा आहे,
सुदर्शन