आत्या, मिक्सर आणि एकशे बत्तीस चित्रं

मानपाडा, डोंबिवली पूर्व

आदरणीय वैशालीआत्या,

सविनय जय भीम. तुझा गुडघा कसा आहे? इकडे पप्पांची शुगर सोडली तर सगळं ताब्यात आहे. (तू आम्हा सगळ्यांना फोनवर ब्लॉक केलंयस, म्हणून हा कागद.)

तर आत्या, मी माजिवड्याला ॲनिमेशन शिकायला जाते. त्याला कार्टून म्हणू नकोस, आमच्या विनिता मॅडमना लागतं. अकरा सेकंदांत एक गोष्ट सांगायची होती, मी तुझी घेतली. (रागावू नकोस, पुढे वाच.) प्रेमदादाच्या लग्नात घरच्यांच्या फोटोला तुला कुणी बोलावलं नाही, आणि तू आहेरात दिलेला मिक्सर परत उचलून हॉलचा जिना उतरलीस, तीच. सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे एकशे बत्तीस वेळा तुला काढली! पहिल्यांदा दाखवलं तर वर्ग हसायला लागला, कारण तुझ्या हातातला मिक्सर फुग्यासारखा तरंगत होता. मग मी आमचा मिक्सर खोक्यात घालून बिल्डिंगचे चार मजले चढले-उतरले, खांदा कुठे झुकतो, पाय कुठे अडतो बघत. (दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी किंमत विचारली. तिसऱ्या फेरीला म्हणाल्या, "अगं, नको सांगितलं ना एकदा!") वजन कळावं म्हणून तुला पायरीपायरीवर थांबवली, मान जराशी मागे वळवली.

आमच्याकडे नियम असा, की काम ज्याचं त्याने गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी काय दिसलं ते बोलायचं. हर्षित एरवी सगळ्यांच्या कामाची पार वाट लावतो. तो हळूच म्हणाला, "मॅडम, ही बाई रागावलेली नाय वाटत. कोणतरी हाक मारील म्हणून थांबतेय."

आत्या, मी तर नुसतं वजन काढलेलं! जे माझ्या हाताने कागदावर उतरलं ते मलाच ठाऊक नव्हतं, आणि तुला जन्मात न पाहिलेल्या मुलाला दिसलं.

घरी पप्पांना दाखवलं. "परत लाव," म्हणाले. चौदा वेळा लावलं. मग म्हणाले, "मी जिन्यावरच उभा होतो गं. हाक मारायला तोंड उघडलेलं, पण तो मिक्सर बघून हसू फुटलं. आवरेपर्यंत ती रिक्षात बसलेली."

तुझी,
मेघना

ता. क. रविवारी आमची कामं मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. तू हवीस.

ता. क. २ : पाकिटावर तिकीट शोधू नकोस. पप्पांनीच पाकीट तुझ्या दाराखालून सरकवलंय. बेल वाजवायचा धीर होईना, म्हणून एवढं सगळं माझ्याकडून लिहून घेतलं. बाहेरच उभे आहेत.