पेशंट आलेली नाही

सांगली, शनिवार सकाळ

ती. आकाराममामांना उत्कर्षाचा दंडवत.

मामींचे गुडघे काय म्हणतात? म्हैस व्यायली का? पत्र घेऊन आलेली शिवांजली माझी रूममेट. तिला चहाबरोबर काहीतरी खायला घाला. ती नको म्हणेल, ऐकू नका. (फोन का केला नाही म्हणाल. आवं, फोनवर माझ्या तोंडून ‘मजेत आहे’ एवढंच निघतं.)

तर मामा, एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला तुमच्या भाचीने काय दिवे लावले ते ऐका. वीस दिवस धड झोप नाही. पुस्तक उघडलं की रडू येतं. आमच्या मॅडम म्हणाल्या, मानसोपचाराच्या ओपीडीत जाऊन ये. गेले. पण अंगावर ॲप्रन तसाच ठेवला, म्हणजे वर्गातलं कुणी दिसलंच तर ‘पोस्टिंग आहे’ म्हणता येईल. (केवढी ती अक्कल!) आता आपल्याकडे दवाखान्यात एकटं कोण जातं? साध्या तापालाही चार माणसं आणि जेवणाचा डबा लागतो. मी एकटी, त्यात ॲप्रन. बाकड्यावरच्या लोकांनी मला डॉक्टरच करून टाकलं. जतच्या हरणाबाई लेकाला घेऊन आल्या होत्या. “बाय, ह्यो जेवत न्हाई, झोपत न्हाई, कवाबी रडतोय.” मी विचारलं, कधीपासून? झालं! आणखी तिघांनी आपापल्या फायली माझ्या मांडीवर ठेवल्या. मी सगळ्यांना धीर दिला. लय छान दिला. हरणाबाई तेवढ्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “आन तुजं डोळं का गं असं?” मी मांडीवरची फाईल उघडून तिच्यात डोकं घातलं.

तेवढ्यात शिपायाने माझं नाव पुकारलं. बाकड्यावरचे सगळे इकडंतिकडं बघायला लागले. मीही बघितलं. आणि मामा, मीच उठून सांगितलं, “पेशंट आलेली नाही.” त्याने नावावर काट मारली. हॉस्टेलवर येऊन मी खूप हसले. मग ते थांबेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

बाकी ठीक. मामींना नमस्कार, धाकट्या राजवर्धनला एक चापट.

तुमची
उत्कर्षा

ता. क. मंगळवारी पुन्हा ओपीडी आहे. जमलं तर या. काही बोलू नका, नुसतं शेजारी बसा. आईला इतक्यात नको; तिने ॲडमिशनचे पेढे गल्लीभर वाटलेत.

ता. क. आणखी एक. मंगळवारचं राहू द्या. मामा, सकाळी जाग आलीच नाही तर बरं, असं या आठवड्यात तीनदा मनात आलं. मला माझीच भीती वाटते. तुम्ही येईपर्यंत मी वॉर्डन अंजनाताईंच्या खोलीत बसून राहते, त्यांना सांगितलंय. शिवांजलीची परतीची एसटी दोन वाजता आहे. तिच्याबरोबरच या.